पापनाशमच्या भिंतीवर माझा अंगठा

तंजावूरला जाऊन आलो म्हटलं की लोक मोठ्या देवळाबद्दल विचारतात. देऊळ पाहिलं. फार मोठं आहे. मे महिन्यात त्याच्या अंगणातल्या दगडांवरून अनवाणी चालायचं असेल तर सकाळी लवकर जा, नाहीतर माझ्यासारखे नंदीपर्यंत उड्या मारत जाल आणि लोकांना वाटेल, हा नवस फेडतोय. देवळाबद्दल माझ्याकडे एवढंच आहे. बाकी आठवडाभरात मी तिथे जे पाहिलं ते कुठल्याही माहितीपुस्तिकेत नाही, आणि त्यातलं बरंचसं माझ्याच नाकातून निघालं.

राजवाड्यामागची गल्ली, शनिवार

मुग्धा माझ्या थोरल्या भावाची मुलगी. दादा गेला तेव्हा ती सहावीत होती. तेव्हापासून साताऱ्याला आमच्याकडेच वाढली. मी शाळेत हेडक्लार्क आणि घराण्यात मुख्य वक्ता. तिला वाढवलं माझ्या बायकोनं, सुनंदानं; मी फक्त भाषणं केली. पुढे ती पुण्याला जाऊन रोगजंतूंचा अभ्यास करू लागली. एकाच जातीच्या जंतूंमध्येही म्हणे वेगवेगळी घराणी असतात, आणि जनुकं तपासून कोण कुठल्या घराण्यातला हे ओळखायचं, हे तिचं काम. "म्हणजे जंतूंच्या पत्रिका बघतेस की!" असं मी म्हणायचो आणि एकटाच हसायचो.

याच कामाच्या एका प्रशिक्षणवर्गात तिला प्रह्लाद भेटला. तो तंजावूरच्या एका कॉलेजात हाच विषय शिकवतो. घरची भाषा मराठी, कारण पूर्वज मराठ्यांच्या फौजेमागून इकडे आले ते परत गेलेच नाहीत. रविवारी साखरपुडा होता, आणि मुलीकडचा कर्ता पुरुष म्हणून मी निघालो होतो. प्रवासाचं सांगत नाही. बसलो, घामाघूम झालो, पोचलो.

दारात प्रह्लादचे वडील सेतुमाधवराव उभे. निवृत्त गणितमास्तर, कपाळावर गंध, अंगात पांढरा सदरा.

"यावें, यावें. प्रवास सुखाचा झाला कीं? मूळ गांव कोणतें तुमचें?"

"सातारा."

"तें आत्तांचें. मूळ?"

त्यांच्या मराठीपुढे मला माझी मराठी कालच शिकल्यासारखी वाटू लागली. ती ऐकताना जुनं दप्तर कोणीतरी तमिळ चालीवर वाचतंय असं वाटे. संध्याकाळपर्यंत त्यांनी माझ्याकडून आमच्या पाच पिढ्या काढून घेतल्या. सहाव्या पिढीला माझ्याजवळचा साठा संपला, तेव्हा मी एक 'रामचंद्रपंत' ठोकून दिले. ते त्यांनी वहीत लिहून घेतले.

त्या घरातली एक रीत मला पहिल्याच तासात महागात पडली. तिथे पाणी पितात ते भांडं ओठाला न लावता, वरून धार धरून. कॉफीसुद्धा तशीच! लहान पोरंही सहज पितात. मी भांडं उचललं, मान मागे टाकली आणि पाणी थेट सदऱ्याच्या आत सोडलं.

"उष्टें होत नाहीं म्हणून," प्रह्लादनं टॉवेल देत समजावलं.

"आमच्याकडे असलं काही नसतं हो," मी म्हणालो. "आमच्याकडे एकमेकांच्या ताटातलं खातात. प्रेम असतं ते."

सुनंदा पुटपुटली, "प्रेम आधी पुसा. मानेवरून ओघळतंय."

तिथेच, रविवार

आता पेढ्यांचं सांगायलाच हवं.

मुलीकडून गोड काय न्यायचं, यावर घरी चर्चा झाली होती. विकतचं नको, मी स्वतःच्या हातानं पेढे वळणार, असं मी जाहीर करून टाकलं होतं. माझे पेढे आमच्या नात्यात प्रसिद्ध आहेत, निदान मी तरी तसं सांगतो. तंजावूरला 'पालकोवा' म्हणून सुरेख खवा मिळतो. तो आणला आणि सकाळी आठला स्वयंपाकघरात शिरलो.

तिथे पंचूमामांचं राज्य होतं. पूर्ण नाव पंचापकेशन, राहणार पापनाशम. आजूबाजूच्या गावांतली लग्नकार्यं चाळीस वर्षं त्यांच्याच हातची. माणूस काटकुळा, कमरेला पंचा, हातात आपल्या पळीपेक्षा मोठी, लांब दांड्याची करंडी. मराठी घरांत रांधून रांधून त्यांची मराठीही कामापुरती झालेली. सकाळपासून ते मिरच्यांची फोडणी देत होते आणि सारखे शिंकत होते. प्रत्येक शिंकेला तोंड दाराबाहेर, मग हात धुणं, मग पुन्हा करंडी. मला त्यातलं फक्त शिंकणं दिसलं.

"सार, मी करून देतो," ते मला म्हणाले; 'सर'चं त्यांच्या तोंडी 'सार' होई.

"नको. हे काम हातानंच करायचं असतं."

"तुमचा बोट काय झालं?"

उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं, आठवडाभर ठणकत होतं. त्यावर हळदीची पट्टी होती. पेढ्यांना हळद लागायला नको, म्हणून मी ती पट्टी काढून टाकली. स्वच्छतेसाठी! हे वाक्य मी पुढच्या चार दिवसांत बऱ्याच लोकांपुढे उच्चारलं, आणि दर वेळी ते आधीपेक्षा वाईट ऐकू आलं.

पेढे वळून झाले. फ्रीज उघडला तर आत वरपासून खालपर्यंत मोगऱ्याचे गजरे. बायकांनी ते काढायला साफ नकार दिला. मग पंचूमामांचा एक पंचा ओला करून मी पेढ्यांवर टाकला आणि परात चुलीशेजारच्या फळीवर ठेवली. सहा तास!

साखरपुडा छान झाला. पंगतीत पंचूमामा आणि त्यांची माणसं करंडीनं हातभर उंचीवरून पानात वाढत होती. ना पानाला स्पर्श, ना पदार्थाला. मला ते कोरडं वाटलं. माणसाला जेवायला बसवलं तर आग्रह नको? मी परात घेऊन उठलो आणि एकेकाच्या तोंडात पेढा भरवत सुटलो. पहिला मुग्धाला, दुसरा प्रह्लादला. व्याही दोन्ही हात आडवे धरून "नको, नको" म्हणत होते. त्यांना बोटांच्या फटीतून भरवला. सुनंदा पेढ्याला कंटाळलेली, तिनं घेतला नाही. मी घेतला नाही, कारण मला मधुमेह आहे.

संध्याकाळी पाचला पहिली ओकारी मुग्धाला आली. मी धावलो. ती भिंतीला धरून उभी होती, आणि मला वाटलं ती "पाणी" म्हणेल. ती म्हणाली, "काका, बरणी! स्वच्छ बरणी आण! उकळलेली!"

तेवढ्यात पलीकडे प्रह्लाद वाकला. तिनं अर्धी बरणी त्याच्यापुढे धरली, त्यानं नको म्हणून खुणेनंच वेगळी मागितली. अंगठ्या घातल्यावर दोघांनी मिळून केलेलं पहिलं काम म्हणजे एकमेकांच्या ओकाऱ्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं. रात्र पडायच्या आत वीस-बावीस माणसं आडवी झाली. दोघांना सलाईन लावावं लागलं. अंगणात रांगोळी, तोरण, आणि ओळीनं बादल्या.

मी ठणठणीत. माझ्या पोटाचा मला फार अभिमान वाटला. पंचूमामा भांडी घासून निघायच्या बेतात होते. मी उंबऱ्यावर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "शिंका देत स्वयंपाक केला की असंच व्हायचं!"

पंचूमामांनी करंडी पुसली, पिशवीत घातली आणि कोणाकडेही न पाहता गेले.

व्हरांडा आणि कॉलेजची प्रयोगशाळा, सोमवार आणि मंगळवार

सोमवारी सकाळी सगळे उठून बसले होते आणि सांबार, पायसम, पंचूमामा यांच्याबद्दल बोलत होते. मुग्धानं शिल्लक राहिलेलं सगळं अन्न डब्यांत भरलं. त्यातला एक डबा माझ्या पेढ्यांचा होता. मी म्हणालो, "ते कशाला? ते आपले."

"आपलेच आहेत ना? मग घाबरायचं काय?"

त्यानंतर तिनं ज्यांनी ज्यांनी अन्नाला हात लावला होता त्यांच्या नाकांत कापसाच्या काड्या फिरवायला सुरुवात केली. व्हरांड्यात ओळ लागली. लोक तीर्थाला यावेत तसे येऊन मान वर करत होते; एका वृद्ध आत्याबाईंनी काडीला नमस्कार केला. पापनाशमहून पंचूमामाही बसनं आले. काडी फिरवून घेतली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गेले.

मी पुढे झालो. "मुग्धा, माझंही घे. स्वच्छ नाक कसं असतं ते तुलनेला असू दे."

"अंगठाही दाखव," ती म्हणाली.

"अंगठा कशाला?"

"तुलनेला," म्हणत तिनं त्यावरही काडी फिरवली.

सुनंदा भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. मला आज आठवतं. तेव्हा कळलं नाही.

ज्या काचेच्या बशांत हे सगळे नमुने रात्रभर उगवत ठेवले होते, त्या मंगळवारी दुपारी कॉलेजात पाहून प्रह्लाद घरी आला. सांबार निर्दोष, पायसम निर्दोष. आजारी माणसांच्या नमुन्यांत मात्र सोनेरी ठिपके उगवले होते, आणि पेढ्यांत तर पिवळा सडाच! जंतूचं नाव स्टॅफिलोकोकस. तो अन्नात बसून विष तयार करतो आणि मग माणूस ओकतो.

सेतुमाधवरावांनी विचारलं, "नाकांत कोणाच्या आहे?"

प्रह्लादला खोटं बोलता येत नाही. जावई म्हणून हा गुण कितपत चांगला, यावर माझं मत अजून ठरायचंय. तो म्हणाला, "पंचूमामांच्या नाकांत आहे, अप्पा. पण आणखीन एकाच्याही आहे. निरोगी माणसांच्याही नाकांत असतो तो."

त्यातलं पहिलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं. पुढची दोन ऐकायला व्हरांड्यात कोणी उरलंच नाही. सगळे फोनवर होते. तासाभरात बातमी पापनाशमला पोचली. तमिळांचा वैकासी महिना, लग्नाचा हंगाम. दिवेलागणीच्या आत पंचूमामांना तीन घरांतून निरोप गेले, की तुम्ही येऊ नका.

"बघा!" मी म्हणालो. "पेढे कुणाच्या स्वयंपाकघरात होते? पंचा कुणाचा होता?"

मुग्धा कॉफीची भांडी धुत होती. वळून म्हणाली, "काका, साताऱ्यात कुलकर्णी किती?"

"असतील शेकड्यांनी."

"एका कुलकर्ण्यानं चोरी केली तर शेजारच्या कुलकर्ण्याला धरायचं? नुसतं आडनाव कळलंय आत्ता. माणूस कळायचाय. त्या बिचाऱ्याची कामं गेली, काका. चाळीस वर्षांचं नाव आहे त्यांचं, आणि तू उंबऱ्यावर उभं राहून ते घालवलंस."

ती माझ्याशी असं कधी बोलली नव्हती. मी कॉफी प्यायला घेतली आणि ती पुन्हा सदऱ्यात गेली.

पुन्हा प्रयोगशाळा, गुरुवार

बुधवारी दिवसभर दोघं कॉलेजातच. मला समजलं ते असं: प्रत्येक नमुन्यातल्या जंतूचा एक ठरावीक जनुक घ्यायचा, यंत्रात घालून त्याच्या अगणित प्रती काढायच्या. मग एक रसायन कात्रीसारखं त्यात सोडायचं. जंतूंची घराणी वेगळी असली की कापलेले तुकडे कमीजास्त लांबीचे पडतात. ते तुकडे खरवसासारख्या एका पारदर्शक वडीत भरून विजेवर पळवायचे. लहान तुकडे पुढे जातात, मोठे रेंगाळतात. शेवटी एका खास दिव्याखाली प्रत्येकाच्या रेघा चमकतात. रेघा सारख्या तर घराणं एक. आमच्या शाळेच्या शंभर मीटर शर्यतीपेक्षा शिस्तशीर.

गुरुवारी अकराला आम्ही सगळे त्या चिमुकल्या खोलीत कोंबले गेलो. पंचूमामांनाही मुग्धानं मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ते दारापाशी पिशवी पोटाशी धरून उभे. पडद्यावर काळा फोटो आला, त्यात पांढऱ्या रेघांच्या सात रांगा. नावं नव्हती, नुसते आकडे.

"पहिली रांग म्हणजे मोजपट्टी," मुग्धा म्हणाली. "दोन आणि तीन, आजारी माणसं. चार, पेढा."

दोन, तीन आणि चार यांच्या रेघा एका छापाच्या होत्या. सेतुमाधवरावांनी चष्मा पुसला. त्यांच्यातला गणितमास्तर आणि त्यांच्यातला वंशावळकार एकदमच जागा झाला.

"म्हणजे ही वधू," चौथ्या रांगेवर बोट ठेवून ते म्हणाले. "आतां वर शोधावा. पांच?"

पाचव्या रांगेतल्या रेघा भलत्याच ठिकाणी होत्या.

"एकही गुण जमत नाहीं. नापास."

"पाच म्हणजे पंचूमामा," मुग्धा म्हणाली.

पंचूमामांना प्रह्लादनं तमिळमध्ये सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, आणि पिशवीवरची त्यांची पकड सैल झाली.

"सहा?" सेतुमाधवराव रंगात आले होते. रेघेवर रेघ. "अहो, छत्तीस गुण! सात? हाही छत्तीस! सहा आणि सात सख्खे भाऊ! कोण हे पुण्यवान?"

मुग्धानं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच होता. "सहा, काकाचं नाक. सात, काकाचा अंगठा."

एवढी माणसं एकाच वेळी माझ्या नाकाकडे बघताहेत, हा अनुभव मला याआधी नव्हता. मी ते झाकलं, आणि झाकलं तेही उजव्या हातानं, त्यामुळे अंगठाही पुढे आला.

"पण मी पट्टी स्वच्छतेसाठी..." मी म्हणालो.

"एका जनुकावरून तूच, असं मी शपथेवर सांगणार नाही," मुग्धा म्हणाली. "पण पंचूमामा नव्हेत, हे सांगेन."

सुनंदानं एवढंच म्हटलं, "मला सोमवारीच कळलं होतं. सगळं जेवून आम्ही दोघंच ठणठणीत कसे? पेढा तेवढा आम्ही खाल्ला नव्हता."

आता व्याही सोयरीक मोडणार, असं मी धरून चाललो. सेतुमाधवरावांनी पडद्यावरच्या रेघा पुन्हा एकदा बोटानं मोजल्या. मग म्हणाले, "मुलीनें सख्ख्या काकाला देखील सोडिलें नाहीं. असली सून तंजावूरांत मिळायची नाहीं." मग माझ्याकडे वळले. "तुमचे ते सहावे रामचंद्रपंत. तेही असेच तपासावे काय?"

मी रामचंद्रपंतांबद्दलही कबुली देऊन टाकली. तो दिवसच तसा होता.

पापनाशम आणि आसपास, शुक्रवार

शिक्षा मुग्धानं ठरवली. ज्या तीन घरांनी पंचूमामांना नाही म्हणून कळवलं, तिथे मी स्वतः जायचं, फोटो दाखवायचा आणि खरं काय ते सांगायचं. दुभाष्या, प्रह्लाद.

म्हणून मी कावेरीकाठची खेडी पाहिली ती अशी. बस खडखडत जाते. कालवे कोरडे, पाणी पुढच्या महिन्यात धरणातून सुटतं, तोवर तळाशी पोरं क्रिकेट खेळतात. बोअरच्या पाण्यावर मधेच एखादं हिरवंगार भाताचं वाफ्याएवढं शेत, बाकी नारळ आणि ऊन. फार सुंदर मुलूख आहे. आरोपी म्हणून जाऊ नये, इतकंच.

पहिल्या घरी आठ-दहा माणसं जमली. मी फोटोवर बोट ठेवलं, "हा पेढा. हा मी." प्रह्लादनं तमिळमध्ये सांगितलं. घरच्या आजीबाईंनी काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?"

"एवढा मोठा माणूस, आणि एवढासाच दिसतो का, म्हणून विचारतात."

आम्हाला कॉफी आली. माझं भांडं वाढणारीनं हात लांब करून ठेवलं आणि ती दोन पावलं मागे सरकली. मी ते उचलून मान मागे टाकली आणि धार बरोबर तोंडात धरली. एक थेंब सांडला नाही. सगळ्या घरानं "शाबास" अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं, आणि पंचूमामांना तिथूनच फोन लावला. दुसऱ्या घरीही काम परत मिळालं. तिसऱ्या घरानं मात्र दुसरा आचारी ठरवून आगाऊ सुपारीही दिली होती. यजमानांना वाईट वाटलं, मलाही वाटलं; पण त्यानं काही बदललं नाही. माझ्या एका वाक्याचं ते काम कायमचं गेलं.

शेवटी पापनाशम. पंचूमामांचं घर बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर, दोन खोल्यांचं. ओसरीवर मोठमोठी पातेली उपडी घातलेली. मी साताऱ्यापासून भाषणं करत आलेला माणूस. तिथे मला "मामा, माझं चुकलं" याच्यापुढे शब्द सुचेना.

"बसा," ते म्हणाले.

केळीचं पान मांडलं. भात, मोरकोळंबू म्हणजे ताकाची त्यांची कढी, आणि सुरणाची भाजी. करंडीनं, हातभर उंचीवरून. मी जेवलो. दुसऱ्यांदा भात मागताना सवयीनं हात पातेल्याकडे गेला, तर त्यांनी करंडी मधे आडवी धरली.

"सार. तुम्ही बसा."

जेवण झाल्यावर त्यांनी अंगठा बघायला मागितला. उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "डॉक्टरकडे जा." मग तो फोटो मागितला. प्रह्लादनं दिला. "ह्यात मी कोणता?"

"पाचवा."

ते आत गेले. देवांच्या तसबिरींच्या ओळीत एक रिकामी चौकट होती. तिच्यात त्यांनी तो फोटो नीट बसवला आणि खिळ्याला लावला. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवता येईल, म्हणाले. एवढ्या मोठ्या मशीननं लिहून दिलेलं चाळीस वर्षांत कुणाला मिळालंय? कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवून त्यांनी काचेवर, पाचव्या रांगेखाली, टिळा लावला. दोन पावलं मागे येऊन पाहिलं. काहीतरी कमी वाटलं असावं. पुन्हा पुढे झाले.

"सातवा तुम्ही?"

"सहावाही मीच," मी म्हणालो.

त्यांनी तिथेही एकेक टिळा लावला. "पाव्हणे आहेत," म्हणाले.

लग्न मार्गशीर्षानंतर, तंजावूरलाच आहे. आचारी पंचूमामा, त्यांनी होकार देताना एकच अट घातली, आणि सेतुमाधवरावांनी ती निमंत्रणपत्रिकेच्या मसुद्यात, माझ्या नावाखाली, कंसात घातली होती. मुग्धानं खोडली. पण मला माहीत आहे, आणि आता तुम्हालाही: मुलीचा काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या अलीकडे उभा राहील. आणि तिकडे पापनाशमला, भिंतीवरच्या चौकटीत, कुंकू लावलेला मी रोज उदबत्ती घेत असेन.